'तिला काही झालं तर?' हे तिलाच विचारलंय का कुणी?

पत्र थोडं कापून देतेय:

"ताई, माझी धाकटी बहीण २८ वर्षांची आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नाही. पॉवर व्हीलचेअर स्वतः चालवते, घरून काम करते, दर महिन्याला पगार येतो. तिचं बोलणं नवीन माणसाला पटकन कळत नाही. बेडवरून खुर्चीत, आंघोळ, टॉयलेट, कपडे या सगळ्याला मदत लागते, ती आई करते आणि मी करते. आईची पाठ आता साथ देत नाही. मागच्या महिन्यात बहीण जेवताना एकदम म्हणाली, मला वेगळं राहायचंय, मदतनीस ठेवून. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. बाबा म्हणतात आम्ही जिवंत आहोत तोपर्यंत हे होणार नाही. आई नुसती रडते. मला मनातून वाटतं तिचं चूक नाहीये, पण तिला काही झालं तर? रात्र रात्र झोप नाही. आणि खरं सांगू, थोडं लागलंही मनाला, आमचं काय कमी पडलं? आता समजूत कुणाची घालू, तिची की आईबाबांची? – मधोमध अडकलेली"

अगं मधोमध,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मुद्दाम मोजलं, त्यात बाबांचं म्हणणं आहे, आईचं रडणं आहे, तुझी झोप आहे, आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललंय तिचं फक्त एक वाक्य आहे, तेही जेवताना बोललेलं. तिला कुठे राहायचंय, कधीपासून, मदतनीस किती तासांची लागेल असं तिला वाटतं, पैशांचा हिशोब तिने केलाय का, तिला स्वतःला कशाची भीती वाटते, यातलं काहीच तुला माहीत नाही असं दिसतंय. माझा अंदाज सांगू? तिने हे सगळं कधीचंच लिहून ठेवलेलं असणार फोनमध्ये, कारण असं वाक्य कुणी एका दुपारी सुचलं म्हणून बोलत नाही, ते वर्षानुवर्षं घोळवून मग बाहेर येतं.

तर समजूत कुणाचीच घालू नकोस आधी. तिच्याकडे जा, दार लाव, आणि विचार. "तुला इथे काय कमी आहे" असं अजिबात विचारू नकोस, तो प्रश्न नसतोच, तो आरोप असतो. असं विचार की तुझ्या स्वतःच्या वेगळ्या घरातला एक साधा दिवस सांग, उठल्यापासून झोपेपर्यंत, कुठे काय करशील, कुणाची मदत कधी लागेल. आणि ती बोलत असताना तिची वाक्यं पूर्ण करू नकोस. घरातल्यांना ही सवय लागलेली असते, अर्ध्या शब्दावरून ओळखायचं आणि पुढचं आपणच बोलायचं, त्यात प्रेम असतं पण समोरच्याला स्वतःचं वाक्य कधी संपवताच येत नाही. कळलं नाही तर नुसती मान हलवू नकोस, सरळ सांग कळलं नाही, परत सांग. तासभर लागला तर लागू दे.

आता ते 'आमचं काय कमी पडलं'. काही नाही गं. २८ वर्षांची माणसं घराबाहेर पडतात, नोकरीसाठी, लग्नासाठी, नुसतं स्वतःचं स्वतः राहून बघायचं म्हणून, आणि तेव्हा कुणी आईबाबांना विचारत नाही की तुमचं काय चुकलं. तिच्या बाबतीतच हा प्रश्न का यावा? जरा तिच्या बाजूने बघ, तिला झोप आलेली नसते पण आईला थकवा आलेला असतो म्हणून तिला बेडवर जावं लागतं, टॉयलेटला जायचं असतं पण तू मीटिंगमध्ये असतेस म्हणून ती थांबते, मैत्रिणीकडे जायचं तर कोण नेणार यावरून आधी घरात बैठक होते. तुम्ही मनापासून करता, वादच नाही. पण जो माणूस प्रेमापोटी मदत करतो त्याला "मला आज रात्री एक वाजता झोपायचंय" असं सांगता येत नाही, आणि पगार घेऊन मदत करणाऱ्याला सांगता येतं. एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. मी स्वतः कुबड्या घेऊन चालते आणि एकटी राहते म्हणून हे जरा जोरात बोलतेय, समजून घे.

बाबांना वाटत असेल की हे काहीतरी नवीन खूळ आहे तर त्यांना एड रॉबर्ट्सबद्दल सांग. अमेरिकेतला मुलगा, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ सगळं लुळं, रात्री श्वासासाठी आयर्न लंग नावाच्या अवाढव्य मशीनमध्ये झोपायचा. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला, हॉस्टेलमध्ये ते मशीन मावेना म्हणून विद्यापीठाच्याच हॉस्पिटलमध्ये त्याची राहायची सोय केली, हळूहळू तिथे त्याच्यासारखे अजून विद्यार्थी आले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण विद्यार्थी आहोत, पेशंट नाही, मग हॉस्पिटलमध्ये का राहतोय, आणि त्यातून १९७२ मध्ये बर्कलीला सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं राहिलं, जे अपंग माणसांनीच चालवलं. तिथे काय व्हायचं? मदतनीस शोधून देणं, राहण्यायोग्य घरं शोधणं, बंद पडलेल्या व्हीलचेअर दुरुस्त करणं. अगदी रोजच्या गरजेची कामं. आणि मजा बघ, ज्या सरकारी पुनर्वसन खात्याने आधी या मुलाला तू कधीच नोकरी करू शकणार नाहीस म्हणून मदत नाकारायचा प्रयत्न केला होता त्याच कॅलिफोर्नियाच्या खात्याचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला.

या लोकांनी जी गोष्ट मांडली ती तुमच्या घरात सगळ्यांनी नीट ऐकायला हवी. स्वतःच्या हाताने शर्ट घालता येणं हे स्वतंत्र असण्याचं माप नाही. कोणता शर्ट, किती वाजता, कुणाच्या हातून, हे कोण ठरवतं ते माप आहे. रॉबर्ट्सला एक बटण लावता येत नव्हतं आणि तो सरकारी खातं चालवत होता.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढच्या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणेल, "आधी तिला स्वतःचं स्वतः करायला शिकू दे, मग बघू." असं म्हणत दहा वर्षं सहज जातात. आणि सेरेब्रल पाल्सीमध्ये तर हा सल्ला उलटाच पडू शकतो. वय वाढतं तसा या माणसांना थकवा आणि सांध्यांचं दुखणं इतरांपेक्षा लवकर सुरू होतं, लहानपणी जे जमायचं ते तिशीत जड जायला लागतं, तो आळस नसतो, शरीर जास्त ताकद वापरून झिजलेलं असतं. कपडे घालायला तिला एकटीला एक तास लागत असेल आणि मग कामाला बसल्यावर मान धरवत नसेल, तर त्या एका तासाची मदत विकत घ्यायची आणि ती ताकद कामाला, मैत्रिणींना, फिरायला ठेवायची, हा शहाणपणाचा हिशोब आहे. कुठली कामं स्वतः करायची आणि कुठली करून घ्यायची ते तीच ठरवेल. तिला स्वतः चहा ओतायचाय आणि अर्धा सांडतोय तर सांडू दे.

बरं, आता तुझ्या झोपेकडे येऊ. 'काही झालं तर' यातल्या 'काही'चा बंदोबस्त करता येत नाही, म्हणून तर तो शब्द रात्री झोपू देत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. वही घे, दोघी बसा, आणि काय काय होऊ शकतं ते एकेक लिहा, आणि लिहायला तिला सांग, कारण तिला तुझ्यापेक्षा जास्त माहितीये की तिच्या दिवसात कुठे काय अडतं.

मदतनीस आलीच नाही, हा सगळ्यात जास्त वेळा होणारा प्रकार, पडणं-झडणं त्याच्या नंतर. सकाळी सात वाजलेत, ती बेडमध्ये आहे, बाई येणार होती ती आजारी पडली. म्हणून एकच मदतनीस कधीच ठेवायची नाही, कितीही गुणी असली तरी. निदान दोघी पाहिजेत, एक सकाळची एक संध्याकाळची, दोघींनाही दोन्ही वेळचं काम येत असलं पाहिजे, आणि तिसरी एखादी जी महिन्यातून दोनचार वेळाच येते पण हात बसलेला असतो. शिवाय चालत दहा मिनिटांवर एखादी व्यक्ती जिच्याकडे किल्ली आहे. आणि ही व्यक्ती तू असायलाच हवी असं नाही हां, त्यावर नंतर येते. कुणालाच किल्ली द्यायची नसेल तर दाराबाहेर कोड टाकून उघडणारी छोटी पेटी मिळते त्यात ठेवा किंवा कोडवालं कुलूपच बसवा, मदतनीस सोडून गेली की कोड बदलायचा.

फोन करता आला नाही तर? इथे एक गोष्ट लोक विसरतात. सगळे म्हणतात व्हॉइस असिस्टंट लावा, नुसतं बोललं की फोन लागतो, पण तिचं बोलणं जर माणसांना पटकन कळत नाही तर त्या मशीनला कळतं का हे आधी तपासा, अस्पष्ट उच्चार या मशीन्सना बऱ्याचदा ओळखता येत नाहीत. जमलं तर उत्तम, दिवे पंखे दार सगळं त्याला जोडता येतं. नाही जमलं तर गळ्यात किंवा मनगटावर घालायचं इमर्जन्सी बटण, एक खुर्चीला, एक बाथरूममध्ये खाली, म्हणजे जमिनीवर पडली तरी हात पोचेल इतकं खाली, उभ्या माणसाच्या उंचीवर लावून उपयोग नाही. आणि फोनमध्ये एक मेसेज आधीच टाईप करून ठेवायचा, नाव, पत्ता, मला सेरेब्रल पाल्सी आहे, माझं बोलणं अस्पष्ट आहे पण मला सगळं समजतं, मला अमुक मदत हवीय. फोनमधलं बोलून दाखवणारं ॲप तो वाचून दाखवेल. हा मेसेज फक्त संकटात नाही, डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे कामाला येतो, कारण बोलणं अस्पष्ट म्हणजे बुद्धी कमी असं समजणारे लोक पावलापावलाला भेटतात आणि तिच्याऐवजी सोबतच्या माणसाशी बोलायला लागतात.

उचलताना पडली तर? काखेत हात घालून उचलणं बंद करा, आजच, तुमच्या घरातही. तिच्या खांद्यांना वाईट आणि आईची पाठ त्यामुळेच गेली असणार. ट्रान्सफर बोर्ड असतो, बेडवरून खुर्चीत सरकायला, हॉइस्ट असतो म्हणजे झोळीसारखं उचलणारं यंत्र, यातलं तिला काय लागतं ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं सोपी कशी करायची ते शिकवणारा तज्ज्ञ, घरी येऊन बघून सांगेल, हा खर्च टाळू नका. आणि प्रत्येक नवीन मदतनीसाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट, घाईघाईने धरलं किंवा आखडलेला हात ओढला की स्नायू अजून आवळतात, सावकाश धरायचं, आधी सांगायचं मग हात लावायचं, आखडलं तर थांबायचं. अचानक मोठा आवाज झाला तरी अंग दचकून ताठ होतं काहींचं, तेव्हा उचलत असाल तर पडलाच दोघी.

वीज गेली तर खुर्ची चार्ज होणार नाही, म्हणून रोज रात्री चार्जिंग आणि एक साधी ढकलायची खुर्ची घरात राखीव. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, तर शक्यतो तळमजला बघा, नाही मिळाला तर शेजारच्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवायचं की अशा वेळी कोण येणार आणि कसं उतरवणार.

असं एकेक लिहीत गेलं की शेवटी चारपाच गोष्टी उरतात ज्यांना उपाय नाही. त्या उरणारच. त्या तुझ्या आयुष्यातही आहेत, तू पण बाथरूममध्ये घसरू शकतेस, पण त्यासाठी तुला कुणी आईबाबांच्या घरी कोंडून ठेवत नाही. रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्येच लिहून ठेवलंय की अपंग माणसाला प्रत्येक धोक्यापासून वाचवत राहणं हा त्याच्या माणूसपणाचा अपमान असू शकतो, धोका पत्करण्यातही एक मान असतो. बाबांना हे पटकन पटणार नाही. तुला पटलं तरी खूप झालं सध्या.

मदतनीस कोण निवडणार? ती. इंटरव्ह्यू ती घेणार, तू शेजारच्या खोलीत बसणार, आणि तुला किती चुळबुळ झाली तरी तिथेच बसणार. बोलायला वेळ लागतो म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवता येतील, आणि खरं तर तोच सगळ्यात चांगला इंटरव्ह्यू आहे, जी बाई तिचं बोलणं संपेपर्यंत थांबत नाही, किंवा तिला सोडून तुझ्याकडे बघत उत्तरं देते, तिला तिथूनच नमस्कार. मागच्या कामाच्या ठिकाणी फोन करून चौकशी करायची, ओळखपत्र बघायचं, काम काय काय आहे ते कागदावर लिहायचं, वेळ, सुट्टी, पगाराची तारीख, जादा थांबली तर किती. मदतनीसाची सुट्टी आणि पगार वेळेवर दिला नाही तर ती टिकणार नाही, आणि टिकायलाही नको. "घरच्यासारखी आहे" म्हणून तिच्याकडून फुकट कामं करून घेणं हा प्रकार मला अजिबात आवडत नाही, त्यात दोन्हीकडून घोटाळे होतात.

आणि हो, वाईट माणसं असतात. अपंग बायकांना त्रास होण्याचं प्रमाण जास्त असतं हे खरंय, ते लपवून उपयोग नाही. पण त्रास देणारी माणसं घरात, नात्यात, संस्थांमध्येही असतात, म्हणजे घरी ठेवलं की सुरक्षित हे काही आपोआप होत नाही. सुरक्षित कशाने होतं, तर तिच्या आयुष्यात येणारीजाणारी माणसं भरपूर असण्याने. एकच मदतनीस, बाकी कुणी येत नाही, अशी माणसं अशा त्रासात सगळ्यात जास्त सापडतात. बँकेचं ॲप तिच्या फोनमध्ये, पिन फक्त तिला माहीत, मदतनीसाने सामान आणलं तर बिल घ्यायचं. तुमच्या दोघींमध्ये एक ठरलेला शब्द ठेवा, मेसेजमध्ये तो आला की तू काही न विचारता येशील. मदतनीस फोन स्वतःकडे ठेवायला लागली, मैत्रिणींना परस्पर "ती झोपलीये" सांगायला लागली, तिच्या समोर तिच्याबद्दल लहान मुलासारखं बोलायला लागली, ही सगळी तिला काढून टाकायची कारणं आहेत, पुरावा जमेपर्यंत थांबायचं नाही.

घर शोधताना फोटोवर जाऊ नका, टेप घेऊन जा आणि तिला खुर्चीसकट घेऊन जा. दार उघडल्यावर मोकळी जागा निदान ८० सेंटीमीटर, ९० असेल तर सुखाचं. खुर्ची पूर्ण फिरवायला साधारण १५० सेंटीमीटरचा गोल लागतो, बाथरूममध्ये हा गोल बसत नाही म्हणूनच बहुतेक घरं बाद होतात, तिथूनच मोजायला सुरुवात करा आणि वेळ वाचवा. रॅम्पचा हिशोब एकास बारा, म्हणजे १५ सेंटीमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प १८० सेंटीमीटर लांब लागतो, "एक फळी टाकू" असं घरमालक म्हणेल त्याला हे सांगा. पॉवर व्हीलचेअर उचलून आत घेऊ असंही कुणी म्हणेल, तिचं वजन विचारा आधी, बऱ्याच खुर्च्या शंभर किलोच्या आसपास किंवा वर असतात, तिच्या वजनाशिवाय. भिंतीला पकडायचे दांडे लावायची परवानगी करारातच लिहून घ्या. भिंत पोकळ असेल तर दांडा वजन घेणार नाही, ठोकून बघा.

आता बाबा. "आम्ही जिवंत आहोत तोपर्यंत नाही." हे वाक्य प्रेमाचं वाटतं पण त्याचा अर्थ नीट बघ काय होतो. त्याचा अर्थ असा की ती वेगळी राहायला लागणार ते नेमकं त्या आठवड्यात जेव्हा घरात मयत झालंय, कुणाच्या डोक्यात काही शिरत नाहीये, मदतनीस शोधलेली नाही, घर बघितलेलं नाही, ती पन्नाशीला आलीये आणि तिला कधी एक रात्र एकटं राहायची सवय नाही. तेव्हा कुणीतरी नातेवाईक घाईघाईने एखादी संस्था शोधतील नाहीतर तुझ्या दारात आणून सोडतील, आणि दोन्हीत तिला कुणी विचारणार नाही. आईबाबा असताना, हातपाय धड असताना, ती चुकून माकून परत येऊ शकते तेव्हाच हे करून बघायचं असतं. बाबांशी अधिकार, कायदा यावर वाद घालू नकोस, त्यांना एवढंच विचार, बाबा, तुम्ही नसाल त्या दिवशी तिने कुठे उठावं असं तुम्हाला वाटतं? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस.

कायदाही आहे बरं का, त्यांनी विचारलंच तर. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये सरळ लिहिलंय की अपंग माणसाने कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे तो इतरांसारखं स्वतः निवडणार, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर नाही, आणि त्यासाठी लागणारी मदत, वैयक्तिक मदतनीससुद्धा, त्याला मिळायला हवी. जगातल्या बहुतेक देशांनी तो मान्य केलाय. स्वीडनमध्ये तर १९९४ पासून असा कायदा आहे की ज्यांची गरज तेवढी मोठी आहे त्यांना मदतनीसाच्या तासांचे पैसे सरकार देतं आणि मदतनीस कोण ते ती व्यक्ती निवडते. सगळीकडे एवढं नाही मिळत, कागदावरचं आणि दारातलं यात अंतर असतं, पण तुमच्याकडे भत्ता, साधनांसाठी मदत, करसवलत यातलं काय आहे ते अपंगांच्या संघटनांना विचारा, सरकारी ऑफिसपेक्षा त्यांना जास्त माहिती असते, कुठला फॉर्म अडतो ते सुद्धा.

आई रडतेय त्यात भीती आहेच, पण अजून एक असतं. २८ वर्षं तिचा प्रत्येक दिवस या मुलीच्या वेळापत्रकावर चाललाय. उद्या सकाळी सात वाजता तिने काय करायचं? हे कुणी विचारलेलं नसतं आणि आई स्वतःहून बोलणार नाही. तिला कामातून एकदम काढून टाकू नका. लेकीला उचलायचं कसं, कुठे दुखतं, थंडीत काय होतं, हे आईला जेवढं माहितीये तेवढं कुठल्या थेरपिस्टला नाही, तर दोघींनी मिळून छोटे छोटे व्हिडिओ करावेत मदतनीसांसाठी, सूचना मुलगी देईल, हात आईचे. हे केल्याने आईला कळतं की आपलं शिकलेलं वाया जात नाहीये, आणि आईचा स्वतःचा पाठीचा डॉक्टर पण तेवढ्यात गाठा.

सुरुवात कशी करायची? सगळे म्हणतात तिला दोन दिवस दुसरीकडे ठेवून बघू, मी उलटं सांगते. तिला तिथेच राहू दे, तुम्ही तिघं बाहेर जा. घर तिच्या सवयीचं, बाथरूम जमलेलं, फक्त मदतनीस नवीन, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग आठवडा. मग भाड्याचं घर. आणि जाण्याआधी एक गोष्ट बोलून घ्या की ही परीक्षा नाही. काही बिनसलं, मदतनीस उशिरा आली, ती पडली, रडली, तर "बघ आम्ही म्हणत होतो" हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही. त्याऐवजी विचारायचं, पुढच्या वेळी काय बदलायचं, बदलायचं आणि परत करायचं. जे पहिल्या फटक्यात जमलं नाही ते तिला कधीच जमणार नाही असा नियम फक्त अपंगांनाच लावतात लोक.

आणि तू. तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल फारसं नाहीये, फक्त झोप. मला वाटतं तुझ्या मनात असंही असेल की ती वेगळी राहिली तर सगळ्याच्या शेवटी धावत जाणारी मीच असणार, आणि हे बोलायची लाज वाटत असेल. बोल. तिच्याशीच बोल. किती करशील ते आकड्यात सांग, आठवड्यातून एक संध्याकाळ, महिन्यातून एक रात्र, मध्यरात्री फोन फक्त खऱ्या इमर्जन्सीत. तुला तिची बहीणच राहायचं असेल तर राखीव मदतनीस म्हणून सगळे कोपरे तूच भरू नकोस, नाहीतर तू थकशील, चिडशील आणि ती परत तुझ्या वेळेवर जगायला लागेल, मग वेगळं राहून काय मिळवलं. दिवसातून दहा फोन करायचा मोह होईल. त्याऐवजी ठरवा, सकाळी नऊच्या आत तिचा एक मेसेज, अंगठा चालेल, नाही आला तर तू फोन करणार, फोन नाही उचलला तर किल्लीवाल्या व्यक्तीला सांगणार. कॅमेरा खोलीत लावू का असं बाबा विचारतील. तिने मागितला तर लावा, नाहीतर नाही, तिच्या अंगावरचे कपडे दुसरं कुणी बदलतं त्या खोलीत कॅमेरा असणं म्हणजे काय ते बाबांना स्वतःवर घेऊन बघायला सांग.

एक शेवटचं, पहिल्या काही महिन्यांचं. पहिली मदतनीस बहुधा टिकणार नाही, दुसरीही जाईल कदाचित, घर घाण दिसेल, पैसे महिन्याच्या आधी संपतील एखाद्या वेळी, ती कंटाळून एखाद्या रविवारी तुमच्याकडे येऊन पडून राहील आणि आई आशेने तिच्याकडे बघेल. सोमवारी सकाळी तिला जायचं असेल तर गाडी सांगून दे, आणि राहायचं असेल तर राहू दे, पण मंगळवारी काय करायचं ते तिलाच विचार. मदतनीसांच्या यादीत अजून एक नाव घालायचं काम मात्र त्या रविवारी पण चालू ठेवा.